शनीवर दोन, बुधावर अडीचशे

केंद्र सरकारच्या नोकरीत साठ वर्षे पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती येते. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्यातच. दिल्लीतल्या सरकारी इमारतींतून महिनाअखेरीला हारतुरे घेऊन बाहेर पडणाऱ्या या मंडळींचे वय दुसऱ्या ग्रहांवर किती भरेल? हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. त्या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालायला आपली जेवढी वर्षे लागतात, त्या आकड्याने साठला भागायचे. बुध ८८ दिवसांत फेरी उरकतो, म्हणून तिथे वय २४९. शुक्रावर साडेसत्त्याण्णव. मंगळावर जेमतेम बत्तीस, म्हणजे निवृत्तीला अजून अठ्ठावीस मंगळवर्षे बाकी. गुरूवर पाच, शनीवर दोन. युरेनसवरच्या पहिल्या वाढदिवसाला अजून चोवीस वर्षे थांबावे लागेल आणि नेपच्यूनवरच्या वाढदिवसाला जवळजवळ एकशे पाच.

विज्ञानाच्या प्रदर्शनात हा तक्ता हमखास लावलेला असतो आणि मुले त्यापुढे रांग लावतात. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कमी रंजक भाग तोच. भागाकार झाला की तक्ता गप्प बसतो. फेऱ्या मोजणे म्हणजेच वय का, फेरी तरी नेमकी कुठून कुठपर्यंतची, आणि ती मोजत असताना शरीराचे काय होत असते, हे प्रश्न त्याच्या मागे राहून जातात.

दुसऱ्या ग्रहावरून आपले वय मोजण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. मराठी घरात ती निदान तीन ठिकाणी भेटते. ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने पूर्ण झाले की आयुष्यातल्या हजार पौर्णिमा होतात, आणि आपण सहस्रचंद्रदर्शन करतो. हे चंद्राच्या हिशेबातले वय. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, त्याला हजाराने गुणले की २९,५३० दिवस. कुणीही पडताळून पाहावे. दुसरी साडेसाती. शनी जन्मराशीच्या मागची रास, ती रास आणि पुढची रास ओलांडतो तो हा काळ. तिच्या फळांवर माझा विश्वास नाही, पण आकडा शनीच्या गतीतूनच आलेला आहे. शनीची फेरी २९.४६ वर्षांची, म्हणजे एका राशीला सुमारे अडीच वर्षे आणि तीन राशींना सात वर्षे चार-साडेचार महिने. आयुष्यात साडेसाती दोनदा भोगून झालेला माणूस शनीच्या मानाने दोन वर्षांच्या आसपासचा असतो.

तिसरी आणि सगळ्यात मजेची साठीशांत. साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन जन्माच्या वेळचे संवत्सर पुन्हा येते, असा त्याचा अर्थ. साठच का? कारण तेवढ्या काळात गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ एकदमच संपतात. गुरूच्या पाच फेऱ्यांना ५९.३ वर्षे, शनीच्या दोन फेऱ्यांना ५८.९. दोन्ही ग्रह आपल्या जन्माच्या वेळी आकाशात जिथे होते तिथे पुन्हा जवळपास येऊन उभे राहतात.

आता यात दिल्लीचा एक वेगळाच पेच आहे. पंचांगातले संवत्सराचे नाव महाराष्ट्रात एक असते आणि उत्तरेत दुसरेच, हे दिल्लीत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला गुढीपाडव्याच्या संकल्पात जाणवू शकते. नर्मदेच्या दक्षिणेला आपण साठ नावे एकापाठोपाठ एक, वर्षाला एक या क्रमाने मोजतो. आकाशातल्या गुरूशी त्यांचा आता काही संबंध उरलेला नाही. उत्तरेतली जुनी बार्हस्पत्य पद्धत मात्र गुरूला धरून आहे. गुरू आपल्या मध्यम गतीने एक रास ओलांडतो तो काळ म्हणजे एक संवत्सर, आणि तो ३६१.०३ दिवसांचा. आपल्या वर्षापेक्षा चार दिवसांहून थोडा अधिक तोकडा. म्हणून पंचाऐंशी-शहाऐंशी वर्षांतून एकदा उत्तरेत एक संवत्सर गाळावे लागते. दक्षिणेत ते गाळत नाहीत, आणि त्यामुळे दोन्ही नावे एकमेकांपासून सरकत गेली.

त्याचा परिणाम असा की उत्तरेच्या पंचांगाने साठ संवत्सरे भरली तर आपल्या साठीला अजून आठ महिने बाकी असतात. बारा संवत्सरे म्हणजे गुरूची बरोबर एक फेरी, म्हणून उत्तरेतले संवत्सर हा चक्क गुरूच्या वर्षाचा महिना झाला. गुरूवरचे वय हवे असलेल्याने त्याच पंचांगातली संवत्सरे मोजून बाराने भागावीत. तक्त्याची गरज नाही.

हे फेऱ्यांचे आकडे आपल्याकडे किती जुने आहेत? आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात शनीच्या १,४६,५६४, गुरूच्या ३,६४,२२४ आणि मंगळाच्या २२,९६,८२४ फेऱ्या दिल्या आहेत. भागाकार करून पाहिला की शनीला २९.४८, गुरूला ११.८६ आणि मंगळाला १.८८ वर्षे येतात. आजच्या आकड्यांशेजारी ठेवले तर फरक दुसऱ्या दशांशस्थळाच्या आसपास सुरू होतो, दुर्बिणीविना. याच आर्यभटाने स्वतःचे वयही सांगून ठेवले आहे, आणि ते कोणत्याही राजाच्या कारकिर्दीला धरून नाही. कलियुगाची साठ गुणिले साठ वर्षे सरली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे इ. स. ४९९, आणि जन्म ४७६. प्राचीन भारतातल्या फारच थोड्या माणसांचे जन्मवर्ष आपल्याला इतके पक्के ठाऊक आहे, आणि याचे आहे ते संवत्सरांच्या साठ चक्रांच्या भाषेत सांगितलेले.

पुढे दिल्लीतच हे आकडे पुन्हा तपासायला निघालेला माणूस म्हणजे सवाई जयसिंह. त्याची इथली वेधशाळा, जंतर-मंतर, १७२४ मधली. जुनी कोष्टके आकाशाशी जुळेनात, म्हणून त्याने दगड-चुन्याची मोठाली यंत्रे उभारली आणि नव्या सारण्या करवून बादशहा मुहंमदशाहाचे नाव त्यांना दिले. वेधशाळेला २०२४ मध्ये तीनशे वर्षे झाली. तेवढ्यात शनीच्या दहा फेऱ्या झाल्या, नेपच्यूनच्या दोनसुद्धा नाहीत. आता तिथे लोक छायाचित्रे काढतात आणि बाहेरच्या रस्त्यावर आंदोलने होतात. तीन मूर्ती परिसरातल्या नेहरू तारांगणाच्या संचालक नंदिवाडा रत्नश्री यांनी मात्र दोन दशके खटपट करून शाळा-कॉलेजातल्या मुलांना या यंत्रांवर प्रत्यक्ष वेध घ्यायला लावले. २०२१ च्या मे महिन्यात कोविडने त्या गेल्या. ग्रहाची फेरी म्हणजे छापील आकडा नव्हे, ती रोज थोडी थोडी मोजून मिळते, हे कळण्याची या शहरातली सगळ्यात चांगली जागा अजूनही तीच आहे.

सूर्यापासून दूर जावे तशी फेरी किती लांबते, याचा नियम केप्लरने १६१९ मध्ये दिला. दूरच्या ग्रहाला वाट लांब पडते एवढेच कारण नाही. रिंग रोडपेक्षा आउटर रिंग रोड लांब, पण समजा तिथल्या गाड्याही मुद्दाम हळू चालवायच्या असा नियम असता, तर जे झाले असते तेच ग्रहांचे होते. सूर्याची ओढ अंतराबरोबर कमी होते, म्हणून बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर पळतो, पृथ्वी ३०, शनी १० च्याही आत आणि नेपच्यून साडेपाच. केप्लरच्या नियमात अंतराचा घन आणि फेरीच्या काळाचा वर्ग यांचे प्रमाण ठरलेले आहे. मंगळ आपल्यापेक्षा १.५२४ पट दूर. त्याचा घन ३.५४, वर्गमूळ १.८८. झाले मंगळाचे वर्ष.

या सूत्रांच्या जोरावर, आणि ग्रहांच्या फेऱ्यांमधल्या ताळमेळावरून, वेंकटेश बापूजी केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे एक ग्रह असावा आणि त्याचे वर्ष सुमारे २४२ वर्षांचे असावे असे मांडले होते. त्याला त्यांनी ब्रह्मा हे नाव दिले. १९३० मध्ये प्लूटो सापडला, वर्ष २४८ वर्षांचे. त्यांच्या युक्तिवादाने प्लूटो शोधला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण पंचांग करणाऱ्या मराठी गणितीची झेप कुठवर होती ते त्यातून दिसते. प्लूटोवर अजून कुणाचेही वय एक भरलेले नाही. शोध लागल्यापासूनची त्याची स्वतःची पहिली फेरीसुद्धा २१७८ मध्ये पुरी होईल. नेपच्यूनने ती २०११ मध्ये केली, दिल्लीला राजधानी होऊन शंभर वर्षे झाली त्याच वर्षी.

वर्षे सोडून दिवसांनी वय मोजायला गेलो की घोटाळा वाढतो. बुधावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत १७६ पृथ्वीदिवस जातात, म्हणजे त्याची दोन वर्षे. आपल्या निवृत्त बाबूने तिथे २४९ वाढदिवस केले तरी सूर्य उगवताना पाहिला असेल फक्त १२४ वेळा. वयाच्या वर्षांपेक्षा दिवस कमी! शुक्र उलटा फिरतो, तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो आणि एका वर्षात दोन दिवसही पुरते होत नाहीत. गुरूवर याच्या उलट. दिवस दहा तासांहून लहान, त्यामुळे एका वर्षात साडेदहा हजारांच्या आसपास दिवस.

आणि युरेनस. तो आडवा पडून फिरतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे अंधार. इथे मला पुराणे आठवतात. माणसाचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र, आणि माणसाचा एक महिना म्हणजे पितरांचा. देव मेरूवर, पितर चंद्रावर. मेरू म्हणजे उत्तर ध्रुव असे धरले तर तिथे खरोखरच सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते. चंद्रावरही पंधरवडाभर ऊन आणि पंधरवडाभर काळोख. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे उतरलेले चांद्रयान-३ मधले विक्रम तेवढाच एक चांद्रदिवस काम करून थंडावले. म्हणून आपले पूर्वज चंद्रावर जाऊन आले होते असे कुणी म्हणू नये. घरबसल्या भूमिती नीट केली तर चंद्रावरचा दिवस किती लांब हे काढता येते, आणि ते त्यांनी काढले होते. मला ते जाऊन येण्यापेक्षा मोठे वाटते.

पृथ्वीवर तरी वर्ष एकच आहे का? तेही नाही. ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे, ताऱ्यांच्या संदर्भातले ३६५.२५६४ आणि सूर्यसिद्धान्ताचे ३६५.२५८८. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांतला फरक साठ वर्षांत एक दिवसाचा होतो. मकरसंक्रांत हळूहळू पुढे सरकते त्याचे मूळ इथे आहे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे केशव लक्ष्मण दफ्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन मराठी सभासद होते. समितीने ऋतूंचे वर्ष उचलले आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. साहांनी ती पाहिली नाही. १९५६ च्या फेब्रुवारीत दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना ते कोसळले. दिनदर्शिका आजही सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर आहे. घराघरांत मात्र कुणाचा वाढदिवस तिच्यावरून होत नाही. आपल्याला तारीख आणि तिथी यांतच भांडायला पुरेसे मिळते. शिवजयंतीचेच पाहा. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन हिशेबात तो दिवस १ मार्चला पडतो. फाल्गुन वद्य तृतीया वेगळीच. एक जन्म, तीन वाढदिवस, आणि तेही ग्रह न बदलता.

या सगळ्या ग्रहांपासून मोकळे झालेले एक माप दिल्लीतच सांभाळले जाते. पुसा भागात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. भारताची प्रमाणवेळ तिथली आण्विक घड्याळे राखतात. सिझियम-१३३ अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ मध्ये ठरली. तिच्यात सूर्य नाही, पृथ्वी नाही, फेरी नाही. या मापाने साठ वर्षांचा माणूस सुमारे १८९ कोटी ३४ लाख सेकंदांचा आहे, मग तो दिल्लीत असो की शनीच्या चंद्रावर.

जवळजवळ. कारण आइन्स्टाइनने इथेही पाचर मारून ठेवली आहे. गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ हळू चालते, वेग जास्त असला तरी हळू चालते. मंगळ सूर्यापासून दूर, त्याचा वेग कमी आणि त्याची स्वतःची ओढही कमी. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे केलेल्या गणितानुसार तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला सरासरी ४७७ मायक्रोसेकंद पुढे जाते. साठ वर्षे मंगळावर काढलेला भाऊ दिल्लीतल्या भावापेक्षा दहा सेकंदांनी अधिक म्हातारा निघेल. तक्ता त्याला अठ्ठावीस वर्षांनी तरुण म्हणत होता. उलट अंतराळ स्थानकात वेगामुळे घड्याळ मागे पडते, दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूत-७ वर आठवडाभर राहून आले. ज्या सोयुझ कुपीतून ते परतले ती नेहरू तारांगणात ठेवली आहे. त्यांचे वय त्या मुक्कामात सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी काळाने मागे राहिले.

शरीराचा हिशेब या सेकंदांपेक्षा कितीतरी ठसठशीत आहे. वजनरहित अवस्थेत भार पेलणारी हाडे महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. स्कॉट केली सलग ३४० दिवस स्थानकावर राहिले तेव्हा त्यांचा जुळा भाऊ मार्क खाली होता. दोघांच्या तपासण्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. गुणसूत्रांच्या टोकांची टेलोमिअर नावाची आवरणे वयाबरोबर आखूड होतात, स्कॉटची मात्र अंतराळात लांबली आणि परतल्यावर झपाट्याने आखूडही झाली. त्यावरून कुणी तरुण झाले असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. मंगळाचे गुरुत्व आपल्या ३८ टक्के. एवढ्याशा ओढीत वाढलेले मूल चाळिशीत कसे असेल हे सांगायला फेऱ्यांचा तक्ता उपयोगी नाही.

कागदावरचे वय आणि अंगावरचे वय यांतली ही फट दिल्लीला नवी नाही. राजधानी परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहने बाद करण्याचा आदेश हरित न्यायाधिकरणाने २०१४-१५ मध्ये दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यावर नोएडा-गुरुग्राममध्ये अजून वाद चालतो तो हाच: गाडीने सूर्याभोवती किती फेऱ्या मारल्या हे मोजायचे, की ती किती धावली आणि किती धूर सोडते हे? बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यातही वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, मग नगरपालिकेचा, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. कायद्याने कागदाला हाडापेक्षा वरचे स्थान दिले, आणि ते बरोबरच केले, कारण हाड दोन-दोन वर्षांनी इकडेतिकडे बोलते.

मंगळावर असा कागद करायचा झाला तर काय, याचा विचार झालेला आहे. हवामानाच्या अभ्यासकांनी ११ एप्रिल १९५५ पासून मंगळवर्ष एक धरले आहे. त्या मोजणीत भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरल्यापासून जेमतेम चार वर्षे जगले. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा, त्याला सोल म्हणतात, आणि वर्षात ६६८.६ सोल. ऋतूही असमान. उत्तर गोलार्धातला वसंत सुमारे १९४ सोलांचा, तर शरद १४२ चा. थॉमस गँगेल यांनी १९८५ मध्ये चोवीस महिन्यांची डेरियन दिनदर्शिका सुचवली. दर दहा वर्षांत सहा वर्षे ६६९ सोलांची आणि चार ६६८ ची, असा तिचा मेळ.

म्हणजे तिथेही लीप सोल आला, आणि त्या सोलावर जन्मलेले मूलही. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे त्यांना आपली खरी तारीख पहिल्यांदा आठव्या वर्षी भेटली. २४ मार्च १९७७ रोजी दिल्लीत पंतप्रधानपदाची शपथ घेताना ते एक्याऐंशी वर्षांचे होते, आणि तोवर त्यांच्या तारखेचे वाढदिवस झाले होते एकोणीस. मंगळावरच्या अशा मुलाला तेवढी वाट पाहावी लागणार नाही. दहा वर्षांत सहा लीप वर्षे असल्याने त्याचा वाढदिवस बहुधा वर्षाआड येईल, आणि मंगळाचे वर्ष आपल्या पावणेदोनाहून थोडे मोठे असल्याने त्याची आई तो पृथ्वीवरच्या नातेवाइकांना कळवील तेव्हा मधे पावणेचार वर्षे गेलेली असतील.